नागपूरचं विमानतळ किती जुनं आहे? तिथून थेट परदेशी जाता येतं का?

जुनं म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. सोनेगावची धावपट्टी 1917-18 च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलासाठी झाली. जुने नागपूरकर अजून ‘सोनेगाव विमानतळ’च म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव 2005 मध्ये दिलं गेलं.

पण खरी गंमत रात्रीच्या टपालाची. जानेवारी 1949 मध्ये ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा विमानं टपालाच्या थैल्या घेऊन रात्री निघायची आणि मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र यायची. इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पहाटे आपापल्या गावी परत. म्हणजे मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! चारही शहरांच्या मधोमध असल्याचा एवढा चोख उपयोग नागपूरचा पुन्हा क्वचितच कुणी केला असेल. शिवाय या विमानांत प्रवासीही असायचे, तेही कमी भाड्यात. झोपेचं मात्र खोबरं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. थेट परदेशी सेवा मोजक्याच: शारजा आणि दोहा. वेळापत्रक बदलत असतं, तिकीट काढायच्या आधी पाहून घ्या. युरोप-अमेरिकेला जायचं तर दोहामार्गे किंवा मुंबई-दिल्लीहून.

मेट्रोने येणार असाल तर स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. दोन मोठ्या बॅगा असतील तर सरळ ऑटो करा, मे महिन्यात तर नक्कीच.