परदेशातल्या एमएसच्या (मास्टर्सच्या) अर्जाला तीन एलओआर, म्हणजे शिफारसपत्रं, पुरतात की चौथं आमदारांचंही जोडावं?

विद्यापीठाने तीन मागितलीत ना, मग तीनच द्या. आमदारसाहेबांचं तर नकोच.

‘काकांच्या ओळखीने मिळतंय’ हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. दिवाळी झाली की एलओआरवाल्यांची माझ्या टेबलाशी रांग लागते. एका वर्षी एक मुलगा असंच जादा पत्र घेऊन आला. जाड गुळगुळीत लेटरहेड, खाली साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची हिरव्या शाईतली सही. मजकूर काय, तर ‘सदर विद्यार्थी माझ्या व्यक्तिगत परिचयाचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे’, याचंच इंग्रजी. अहो, हा चारित्र्याचा दाखला झाला!

याच पोराच्या प्रोजेक्टमध्ये मोटर चालवणाऱ्या सर्किटमधले मॉसफेट (स्विचसारखे वापरायचे ट्रान्झिस्टर) सारखे जळत होते. बाकीचे नवे मॉसफेट आणून लावत बसले. याने मॉसफेटच्या गेटवर (कंट्रोलच्या पायावर) स्कोप, म्हणजे सिग्नल दाखवणारं यंत्र, लावला, रिंगिंग (सिग्नलची नको ती थरथर) पकडलं आणि गेटचा रेझिस्टर वाढवला. मी पत्रात तेवढंच लिहिलं, सविस्तर. तर आमचे तेव्हाचे एचओडी (विभागप्रमुख) म्हणाले, “मॅडम, जळालेल्या पार्टांबद्दल कशाला लिहिता? ब्रिलियंट लिहा, हार्डवर्किंग लिहा. आणि सही माझी घ्या, पदाला वजन असतं.” सरांना त्या मुलाचं नाव हजेरीपटात शोधावं लागलं होतं! त्यांच्याकडे सगळ्यांना मिळून एकच साचा. नाव बदलायचं आणि मुलगी असेल तर इंग्रजीतल्या ‘ही’चं ‘शी’ करायचं. तेही कधीकधी राहून जायचं. एकाच कॉलेजातून एकाच वर्षी तशी पत्रं गेली, तर तिकडे वाचणाऱ्याला कळत नसेल? पदाचं वजन इथे, गावात. तिकडे कोण ओळखतं एचओडीला?

आता, चौथं पत्र कधीच नको असंही नाही. इंटर्नशिपच्या गाइडने तुमचं काम जवळून पाहिलं असेल आणि फॉर्ममध्ये जागा असेल तर जरूर द्या. काही पोर्टल तीनच्या वर घेतच नाहीत, ते आधी बघा. शिक्षकांचा जीमेल नको, कॉलेजचा ईमेल द्या. फॉर्ममध्ये ‘पत्र बघण्याचा हक्क सोडतो’ असं जिथे असेल, तिथे टिक करा.

काकांचं मन मोडवत नसेल तर पत्र घ्या, आभार माना आणि घरच्या फाइलला लावा. आणि ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणारे सर भेटले, तर सर बदला.