आईचा आजार आणि लेकीचा तिसरा प्रयत्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका कास्तकार वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची लेक बारावीनंतर दोनदा नीटला बसली. दुसऱ्या वेळी गुण वाढले, पण सरकारी महाविद्यालयापर्यंत पोचले नाहीत. आईला सात वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे आणि दीड वर्षापासून नागपूरला तिला रिटुक्सिमॅब हे औषध सलाइनमधून दिले जाते. लेकीला आता डॉक्टर व्हायचे नाही, अशा औषधांवर संशोधन करायचे आहे. वडील लिहितात, "घरात माय अशी असताना पोरगी नाही म्हणते. तिला तिसऱ्यांदा बसायला तुम्हीच सांगा." सोबत लेकीने लिहिलेला वहीचा एक कागद आहे.

सप्रेम नमस्कार.

तसे मी तिला सांगणार नाही. तुमच्या पत्रात गुणांविषयी मोजून दोन ओळी आहेत. बाकी सगळे पत्र आईच्या आजारावर आहे आणि लेक जिथे जिथे "नाही" म्हणते तिथे तिथे तुम्ही तिच्या आईच्या वाकड्या झालेल्या बोटांकडे बोट दाखवले आहे. यंदा आईला वेचणी करता आली नाही, बोंडातला कापूस चिमटीत धरवत नव्हता, हे तुम्ही लिहिले ते वाचून मलाही वाईट वाटले. परंतु ते दुःख एकोणीस वर्षांच्या मुलीच्या प्रवेशअर्जाला जोडणे योग्य नाही. शिवाय हिशेबही जमत नाही. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, एमडीची तीन आणि संधिवाताचा तज्ज्ञ होण्यासाठी डीएमची आणखी तीन, म्हणजे आज प्रवेश मिळाला तरी साडेअकरा वर्षे. तिच्या आईवर उपचार आज करायचे आहेत आणि ते नागपूरचे डॉक्टर करीत आहेत. वावर गहाण ठेवून कोचिंगचे पैसे भरल्याचा उल्लेख तुम्ही तिच्यासमोर किती वेळा करता, हे मला ठाऊक नाही; पण तिच्या कागदावर "बाबांचे पैसे वाया गेले" हे वाक्य लिहून खोडलेले आहे आणि खोडूनही ते वाचता येते.

पत्रातील एका समजुतीवर मात्र थांबावे लागेल, कारण ती घातक ठरू शकते. तुम्ही लिहिता की हे महागडे औषध रोगप्रतिकारशक्ती वाढवते, त्यामुळे आईच्या तीन आठवड्यांच्या खोकल्याची तुम्ही काळजी करीत नाही. वस्तुस्थिती उलट आहे. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच सांध्यांवर उलटलेली असते. म्हणून रिटुक्सिमॅब तिच्यातील एक फौज, म्हणजे रक्तातील बी पेशी, काढून टाकते. परिणामी संसर्गाचा धोका वाढतो. याच आजारात दिली जाणारी दुसऱ्या प्रकारची औषधे, उदाहरणार्थ इन्फ्लिक्सिमॅब, टीएनएफ नावाचा संदेशवाहक रेणू अडवतात. क्षयाच्या जंतूंना पेशींच्या कोंडाळ्यात डांबून ठेवण्याच्या कामी हाच रेणू लागतो, त्यामुळे ती औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. पुढच्या सलाइनची वाट न पाहता याच आठवड्यात खोकला डॉक्टरांना दाखवा. हे काम नीटच्या अर्जाआधीचे आहे.

आता लेकीच्या कागदाविषयी. तिने आईचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी उतरवून दोन प्रश्न विचारले आहेत. औषध बी पेशींवरील सीडी२० या खुणेला चिकटते, मग रिपोर्टमध्ये मोजणी सीडी१९ ची का? आणि बी पेशी शून्यावर आल्या, तर त्यांच्यापासून बनणारा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर उतरूनही पॉझिटिव्हच कसा राहिला?

बाळ, दोन्ही प्रश्न नेमके आहेत. औषध सीडी२० वर बसले की ती खूण झाकली जाते आणि पेशी असूनही मोजणीत दिसेनाशी होऊ शकते; म्हणून त्याच पेशीवरची दुसरी, उघडी खूण मोजतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की हा फॅक्टर एक प्रतिपिंड आहे, म्हणजे लक्ष्याला चिकटणारे प्रथिन, आणि प्रतिपिंडांचा मोठा साठा प्लाझ्मा पेशी तयार करतात. त्या बी पेशींपासूनच घडतात, पण घडताना सीडी२० ही खूण गमावतात, त्यामुळे औषधाला त्या सापडतच नाहीत. त्यांपैकी काही अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे टिकतात. पूर्वी घेतलेल्या लसींची प्रतिपिंडे या औषधानंतरही बरीचशी राहतात ती याचमुळे. मग फॅक्टर पूर्ण जात नसतानाही आईचे सांधे का हलके होतात? कारण बी पेशींचे काम केवळ प्रतिपिंडे बनवण्याचे नाही. त्या टी पेशींपुढे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या एका फौजेपुढे, लक्ष्य मांडून त्यांना चिथावतातही. ती चिथावणी थांबण्याचा वाटा किती आणि प्रतिपिंडे घटण्याचा किती, शिवाय काही महिन्यांनी नव्या बी पेशी परततात तेव्हा काहींचा आजार लगेच उसळतो आणि काहींचा का नाही, यावर अजून काम चालू आहे. तुझा प्रश्न तुला थेट तिथेच घेऊन गेला आहे.

मार्ग परिचित आहेत: आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेशपरीक्षा, नाहीतर नागपूर किंवा अमरावती विद्यापीठातून बीएस्सी, पुढे जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेत पीएचडी.

पैशांचे मात्र स्पष्ट बोलू. हा मार्गही दहा वर्षांचा आहे, त्याच्या शेवटी प्राध्यापकाची खुर्ची राखून ठेवलेली नाही, आणि नेटची कनिष्ठ फेलोशिप, २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, ही एमएस्सीनंतरची गोष्ट आहे. पण ही औषधे परदेशातच बनतात असे समजू नका. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबची आपली आवृत्ती बाजारात आणली. टी पेशींवरील सीडी६ ला चिकटणारे बायोकॉनचे इटोलिझुमॅब हे औषध २०१३ मध्ये सोरायसिस या त्वचेच्या आजारासाठी भारतात आले. पेशी वाढवणे, प्रतिपिंड शुद्ध करणे, त्याचा प्रत्येक घाणा (बॅच) तपासणे, ही तिथली बहुतेक कामे एमएस्सी, एमफार्म आणि बीटेक झालेली माणसे करतात.

दादा, खोकला दाखवायला नागपूरला जाल तेव्हा लेकीला सोबत न्या, आणि डॉक्टरांशी बोलताना तिला प्रश्न विचारू द्या. आयसरचा अर्जही तिला स्वतःच भरू द्या. तिसऱ्यांदा नीटला बसायचे की नाही, ते तिने मला स्वतःच्या हाताने लिहून कळवावे. त्या पत्रावर तुमची सही नको.