विकास शुल्क भरले, तरी रस्ता खड्ड्यातच का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर पट्ट्यात राहतो. घर घेताना बिल्डरने विकास शुल्काचा वाटा आमच्याकडून घेतला, मुद्रांक शुल्काबरोबर मेट्रो अधिभारही भरला आणि मालमत्ता कर आम्ही दरवर्षी वेळेवर भरतो. तरीही सोसायटीसमोरचा रस्ता पहिल्याच पावसात उखडतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू स्कूटरवरून पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. तक्रार केली की ‘हा रस्ता आमच्याकडे नाही’ असे सांगितले जाते. आमचा पैसा जातो कुठे? सोसायटीने कर भरणे थांबवले तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपला संताप रास्त आहे, परंतु कर थांबवण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, आणि मालमत्ता कर हा कोणत्याही एका सेवेचा मोबदला मानला जात नसल्याने ‘रस्ता नाही, म्हणून कर नाही’ हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकणे कठीण आहे.

आपण भरलेल्या तिन्ही रकमांच्या वाटा वेगळ्या आहेत. मेट्रो अधिभार, म्हणजे एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कासोबत घेतला जाणारा १ टक्का, मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी आहे. गल्लीतल्या डांबराशी त्याचा संबंध नाही. मालमत्ता कराच्या बिलातील शिक्षण कर राज्य शासनाकडे जातो आणि उरलेल्यातून पगारापासून दिवाबत्तीपर्यंत सारे चालते. विकास शुल्क मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आकारले जाते आणि ते स्वतंत्र विकास निधीत ठेवून सार्वजनिक सुविधांवर खर्च करायचे असते. पण तो निधी संपूर्ण हद्दीसाठी असतो. ज्या इमारतीमुळे तो जमा झाला तिच्या समोरच्या रस्त्यावरच तो खर्च करण्याचे बंधन नाही. माझ्या मते खरी उणीव येथेच आहे, कारण हजारो नव्या घरांचा भार ज्या रस्त्यावर पडतो, त्या रस्त्याच्या नावाने जमा आणि खर्च कोठेही एकत्र दिसत नाही.

‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर कधीकधी खरेही असते. आपल्या परिसरात महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि मेट्रोचे काम करणारे एमएमआरडीए यांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत. तथापि रस्ता महापालिकेचा असेल, तर त्याची देखभाल हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणून पहिले पत्र रस्त्याची मालकी लेखी विचारणारे असावे.

रस्ता का उखडतो, हेही नीट पाहावे. डांबराचा मुख्य शत्रू साचलेले पाणी. कडेचे गटार रस्त्यापेक्षा उंच असेल किंवा रस्त्याला आडवा उतार नसेल, तर पाणी भेगांतून खालच्या खडीत मुरते आणि त्यावरून अवजड वाहने गेली की वरचा थर सुटतो. जलवाहिनी, गॅस आणि केबलसाठी खोदलेले चर थराथराने न दाबता घाईने बुजवले, तर पहिल्या मोठ्या पावसात ते तेथेच खचतात. अशा खोदाईसाठी संबंधित कंपनीकडून रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क घेतले जाते. त्याचा हिशेब नागरिक क्वचितच मागतात.

तो मागण्यासाठी सोसायटीच्या एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने १० रुपयांचे न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्या रस्त्याचा कार्यादेश, ठेकेदार, दोष दायित्व कालावधीची (म्हणजे कामातील दोषांना ठेकेदार जबाबदार राहतो त्या मुदतीची) अखेरची तारीख, गुणवत्ता चाचणीचे अहवाल आणि खोदाईच्या परवानग्या मागाव्यात. माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. माहिती अधिकार कायद्यात प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. दोष दायित्व कालावधी शिल्लक असेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि महापालिकेने त्याच खड्ड्यावर पुन्हा पैसे खर्च केले असल्यास त्याचे कारण लेखी मागता येते.

काकूंच्या बाबतीत विलंब करू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, तर दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आणि ती रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याचे आदेश दिले. रुग्णालयाची कागदपत्रे, क्ष-किरण अहवाल, खड्ड्याची छायाचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची निवेदने एकत्र करावीत, आणि अपघात या आदेशापूर्वीचा असल्यास दावा कसा मांडावा, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.