द्राक्षांचा तो संप कुणी सुरू केला?

प्रश्न : ताई, आमच्या बागायतदारांच्या मेळाव्यात वक्ते म्हणाले, अमेरिकेतला द्राक्षमजुरांचा गाजलेला संप सीझर चावेझ यांनी सुरू केला. कॅलिफोर्नियात राहणारा भाचा म्हणतो, फिलिपिनोंनी. खरं काय?
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : भाऊ, भाच्याचं बरोबर आहे. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावच्या बागांत काम बंद केलं ते फिलिपिनो मजुरांनी. त्यांचे पुढारी लॅरी इटलिआँग. मागणी तासाला १.४० डॉलरची, त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्याच कोचेला भागात संप करून हा दर त्यांनी पदरात पाडून घेतला होता. डेलानोच्या मळेवाल्यांनी मात्र मजुरांच्या छावण्यांचं वीज-पाणी तोडलं.

चावेझ यांचं मोठेपण मी नाकारत नाही. पण त्यांची मेक्सिकन मजुरांची संघटना संपात उतरली ती १६ सप्टेंबरला, इटलिआँग यांनी गळ घातल्यावर. एरवी एकांनी संप केला की मळेवाले दुसऱ्यांना कामावर आणत. या वेळी ते जमलं नाही. संप १९७० पर्यंत टिकला आणि करार झाले.

मला जास्त लागतं ते त्या माणसांचं वय. बरेच जण १९३० च्या आगेमागे ऐन तारुण्यात आलेले. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, तरी नागरिकत्व नाही. बायका फारशा आल्याच नाहीत, गोऱ्या बाईशी लग्नाला कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत कायद्याची आडकाठी, आणि १९३४ च्या कायद्याने वर्षाला जेमतेम ५० जणांना प्रवेश. कितीतरी जण बिनलग्नाचेच म्हातारे झाले.

माझं माहेर दिंडोरीचं. थिनिंगला पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात. मांडवाखाली मान वर, हात खांद्याच्या वर, घडातले नको ते मणी कात्रीने काढायचे. दिवस मावळेपर्यंत मानेचं लाकूड होतं. असल्या कामात उमर घालवलेली, पन्नाशी-साठीची, मागे बायको-पोरं नसलेली माणसं होती ती. मजुरी सोडून रस्त्यावर बसली.

त्यांच्यातल्या वृद्धांसाठी १९७४ मध्ये डेलानोत ‘अग्बायानी व्हिलेज’ उभं राहिलं. संपाच्या पहाऱ्यावर हृदयविकाराने गेलेल्या पाउलो अग्बायानींचं ते नाव. २५ ऑक्टोबर, इटलिआँग यांचा जन्मदिवस, आता कॅलिफोर्नियात त्यांच्या नावाने पाळतात. पुढच्या मेळाव्यात वक्त्यांना हे नाव आवर्जून सांगा.