इन्स्टॉलेशनच्या सीडी नसताना जुना लॅपटॉप अगदी नवा घेतला तेव्हासारखा कसा करता येईल?

सीडी नसल्याने काही अडत नाही. अडतं ते कुणी जाणकाराने आधीच 'हे लपलेलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) उगाच जागा खातंय' म्हणून उडवलेलं असतं तेव्हा. ३२० जीबीच्या डिस्कवर १५ जीबी, म्हणजे पाच टक्केही नाही, आणि तेवढ्यासाठी ही हजामत! विंडोज ७ च्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपसोबत सीडी यायच्याच नाहीत. कंपनी सगळं त्या पार्टिशनमध्ये भरून द्यायची आणि रिकव्हरी डीव्हीडी तुम्हीच बनवा म्हणायची. ती फारशी कुणी बनवली नाही, ते सोडा.

विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे डिस्कचे भाग दाखवणारं साधन, उघडा. ड्राइव्हचं अक्षर नसलेलं १० ते २० जीबीचं पार्टिशन दिसलं तर काम झालंच म्हणा. १०० एमबीचं 'सिस्टीम रिझर्व्हड' किंवा ५०० एमबीच्या आसपासचं रिकव्हरी पार्टिशन पाहून मात्र हुरळू नका. त्यात फक्त दुरुस्तीची साधनं असतात, अख्खं विंडोज तेवढ्यात मावत नाही.

रिकव्हरी सुरू करायला, मशीन चालू करताना दाबायच्या कळा अशा: एचपीला एफ११, असूसला एफ९, एसरला ऑल्ट आणि एफ१०. तोशिबाला शून्याची कळ दाबून धरायची. विंडोज ७ वाल्या डेलला एफ८ आणि मग 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'.

कळ दाबून काहीच होत नाही म्हणजे पार्टिशन गेलं, असं लगेच ठरवू नका. एसरमध्ये आधी बायोसमधलं (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंग्जमधलं) 'डी२डी रिकव्हरी' एनेबल आहे का बघा. ते असूनही कळ चालत नसेल तर बहुधा एमबीआर, म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर, बदललेला असतो. त्या कळीचा कोड त्यातच असतो. लिनक्ससोबत ग्रब हा त्याचा बूटलोडर टाकला किंवा कुणी 'फिक्सएमबीआर' ही दुरुस्तीची कमांड चालवली की तो पुसला जातो. माल शाबूत, फक्त दार बुजलेलं. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांड-साधनात डिस्क ० सिलेक्ट करा, 'लिस्ट पार्टिशन'वरून ते पार्टिशन सिलेक्ट करा, 'डिटेल पार्टिशन' द्या. टाइप २७ दिसला तर 'सेट आयडी=०७ ओव्हरराइड', मग 'अ‍ॅक्टिव्ह', आणि रीस्टार्ट. मशीन थेट रिकव्हरीत जातं. चुकीचं पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह केलंत तर काहीच बूट होणार नाही, म्हणून आकार दोनदा तपासा. हा उपाय जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कपुरताच, नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर चालत नाही.

सगळं नीट होऊन शेवटी ०x७बी ची निळी स्क्रीन आली तर रिकव्हरीतल्या विंडोजच्या प्रतीला दोष देऊ नका. जुन्या मशीनची सीएमओएस बॅटरी (बायोसच्या सेटिंग्ज जपणारा छोटा सेल), बहुधा सीआर२०३२, मेलेली असते. मग बायोस डिफॉल्टवर जातो आणि साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयची आयडीई होते किंवा उलट. सेल बदला, मोड पूर्ववत करा.

पार्टिशन खरंच उडवलेलं असेल तर कंपनीची मूळ अवस्था विसरा. विंडोज १० मधलं 'रीसेट धिस पीसी' म्हणजे तीच गोष्ट, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. नाही. ते विंडोज १० च पुन्हा टाकतं, मूळचं ७ परत आणत नाही. विंडोज नव्याने टाकायला लागणारी प्रॉडक्ट की, मशीन विंडोज ८ किंवा त्यापुढचं असेल तर फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) असते, ७ ची खालच्या स्टिकरवर.

७ परत आल्यावर अपडेट अडतील. आधी केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९ हाताने टाका, म्हणजे नव्या अपडेटवरच्या एसएचए-२ डिजिटल सह्या ओळखल्या जातील. तरी त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यावर बँकेचे व्यवहार नकोत.

हो, आणि हे आधी सांगायला हवं होतं: काही रिकव्हरी सी सोबत डी पण साफ करतात. बॅकअप घ्या, अ‍ॅडॅप्टर लावून ठेवा. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचता न येणारे संशयित भाग) शून्य नसेल तर सुरूच करू नका. रिकव्हरी अर्ध्यात अडकली की जुनंही जातं आणि नवंही येत नाही. अशा वेळी आधी अख्खी डिस्क दुसऱ्या डिस्कवर क्लोन (जशीच्या तशी कॉपी) करा, नुसता सी ड्राइव्ह नव्हे.