मागचा शॉक नेमका किती सैल ठेवावा?

प्रश्न : एरवी मी मोटरसायकलवर एकटाच असतो, सुट्टीला मागे पत्नी असते. खड्ड्यांत पाठीला हादरे बसायचे, म्हणून मागच्या दोन्ही शॉकच्या स्प्रिंगचं कडं फिरवून सर्वांत खालच्या खाचेवर आणलं. आता मोठ्या खड्ड्यात धाडकन आवाज येतो आणि वळणावर गाडी डुलते. आराम आणि पकड, यांतलं एकच मिळतं का? – एक वाचक

उत्तर : दोन्ही बऱ्यापैकी मिळतं. खाच फिरवली की स्प्रिंग मऊ होते, हा समज मात्र आधी सोडा. तेवढ्याच वजनाला ती आणखी तेवढीच दबते. बदलते ती गाडीची मागची उंची, म्हणजे तुम्ही बसल्यावर शॉकला दबायला किती जागा उरते ते. सर्वांत खालच्या खाचेवर दोघं बसताच यातली बरीच जागा संपते, उरलेली खड्डा संपवतो आणि शॉक तळाला आपटतो. हाच तुमचा धाडकन आवाज. शिवाय पत्नी जवळजवळ चाकावरच बसलेली असते, त्यामुळे हादरा तुमच्यापेक्षा तिला जास्त बसतो. मी वेगाचा नाही, लांबच्या प्रवासाचा माणूस. तरी इतका सैल शॉक मला पटत नाही.

टेप घ्या. गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून हेल्मेटसह बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. हालचाल 120 मिमी असेल तर 35 ते 40 मिमी. त्याहून जास्त आला तर खाच वाढवा. पत्नी बसणार असेल तेव्हा आणखी एक-दोन खाचा, दोन्ही बाजूंना सारख्याच. वरच्या खाचेवरही गाडी फार बसत असेल तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच कमी पडते, ती बदला.

डुलण्याचं कारण डॅम्पिंगमध्येही, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरण्याच्या शॉकच्या कामातही असू शकतं. सीट जोरात दाबून सोडा. मागची बाजू एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती उसळत राहिली आणि शॉकला रिबाउंडचा (शॉक किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा) स्क्रू असेल, तर तो एकेक क्लिक आवळा. फार आवळू नका, नाहीतर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकला परत वर यायला वेळच मिळत नाही आणि गाडी पुन्हा कडक लागते.

या सगळ्याआधी टायरमधली हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आहे ना, बघा. आणि शॉकच्या दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं तर पाना हातात घेऊच नका. तो शॉक दुरुस्त करावा किंवा बदलावाच लागेल.