मोबाइलवर छान, तरी नापास

प्रश्न : पुण्याजवळ कवडीपाटला टिपलेला शेकाट्या या पाणपक्ष्याचा फोटो स्टॉक साइटने (फोटो विकणाऱ्या संकेतस्थळाने) 'फोकस आणि नॉइज' असं कारण देऊन नाकारला. मोबाइलवर तर छान दिसतो. फोटो सोबत पाठवतोय. – एक वाचक, हडपसर

उत्तर : मोबाइलवर फोटो आकसून दिसतो, तपासणारे तो शंभर टक्के मोठा करून बघतात. तसा उघडा आणि आधी डोळा पाहा. तुमच्या शेकाट्याची पाठ धारदार आहे, लाल डोळा मात्र पुसट. फोकस पाठीवर बसलाय. एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो डोक्यावर धरा. शटरचा वेग चालत्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्याला १/२००० तरी ठेवा.

नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, आलाय तो अंधारा फोटो नंतर संगणकावर उजळल्यामुळे. सावल्यांत दाणे उठलेत. त्यापेक्षा फोटो काढतानाच आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा, फक्त पांढरं पोट जळू देऊ नका, म्हणजे तपशील पुसून नुसतं पांढरंफटक होऊ देऊ नका. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख, बघत राहा. आणि कृपा करून शार्पनिंगने डोळा वाचवायला जाऊ नका! कडेला पांढरी रेघ उमटते, त्यावरूनही फोटो परत येतो.

ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग लेन्स कितीही महाग असो, लांबचा पक्षी विरघळल्यासारखा येतो. उजाडताच नदीवर पोहोचा. हा फोटो दुरुस्त होणार नाही, नवाच काढा.